चोवीस दात

सासऱ्यांनी ताणकाट्याची कडी तिच्या बॅगेच्या पट्ट्यात अडकवली, काटा दोन्ही हातांनी डोळ्यांच्या रेषेत उचलला आणि श्वास रोखून धरला. बॅग अर्धी गिरकी घेऊन थांबली.

“सहा किलो. जरा वरच,” ते म्हणाले. “डबा भरलेला आहे का?”

“रिकामा आहे.”

“मग हे वजन कोणाचं? उपाशी जाणार आहेस कामावर? पाणी भर त्यात.”

तिने डबा नळाखाली धरून भरला, झाकण लावलं, उलटा करून गळत नाही ना ते पाहिलं आणि बॅगेत पुन्हा जागेवर ठेवला. पांढरा कोट, प्रयोगशाळेत घालायचे बंद बूट, रेनकोट, चष्म्याची दुसरी जोडी हे सगळं आधीच आत होतं. सासऱ्यांनी काटा पुन्हा उचलला. त्यांच्या मनगटावरची शीर ताठ झाली.

“सात. आता कसं! एवढं पाठीवर घ्यायचं नाही. पाठीवर घेतलंस तर कामावर पोचेपर्यंत शर्टावर घामाचा नकाशा उमटेल. कॅरिअरला दोन्हीकडून पिशव्या लावायच्या, वजन खाली, आसाजवळ. बूट डाव्या पिशवीत, डबा उजव्या.”

“बरं.”

“बरं काय, बरं? लिहून घे.”

“लक्षात राहतं माझ्या.”

“ते माहीत आहे. म्हणून तर तुझ्याशी भांडायची भीती वाटते.”

ते हसले आणि खुर्चीत बसले, आधी चांगला गुडघा वाकवून, मग दुखरा सरळ ठेवून. गिअरबॉक्सच्या कारखान्यात आराखडे काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. निवृत्तीनंतर, त्यांच्याच भाषेत, घरात दात उरले होते ते फक्त करवतीला आणि त्यांच्या कवळीला. त्यामुळे सुनेने सायकल घ्यायचं काढल्यापासून त्यांना दिवस पुरत नव्हता. डायनॅमोचा दिवा की बॅटरीचा, चिखलपत्रे किती लांब, साखळीवर पूर्ण झाकण की अर्धं, टायर जाड घेतला तर पंक्चर कमी पण पायांना भार किती, हे सगळं जेवणाच्या टेबलावर होत होतं आणि भाजी निवत होती.

“गिअरचं एकच ध्यानात ठेव,” ते म्हणाले. “मागची चकती मोठी, तर चढ सोपा, पण पाय जास्त फिरवायचे. चकती लहान, तर एका फेरीत लांब जाशील, पण ते सपाटीवर. आणि गिअर चढ लागायच्या आधी बदलायचा. निम्म्या चढावर दात ओरबाडत बदललास की साखळी शिव्या घालते.”

“मीही थोडं विज्ञान शिकलेय, बाबा.”

“विज्ञान शिकलीस, कबूल. चढ कुठे शिकलीस? इतकी वर्षं बसनं वर आलीस.”

ते खरं होतं. घर टेकडीच्या माथ्यालगत होतं. खालून येणारा रस्ता तीन मोठी वळणं घेत वर चढायचा आणि शेवटच्या वळणावर बसचं इंजिनसुद्धा कण्हायचं. आता पाणी तपासणीची प्रयोगशाळा नदीकाठच्या नव्या इमारतीत हलली होती आणि तिथवर बस जात नव्हती. सायकल घ्यावी म्हणते, असं तिने सांगितलं होतं. त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

बॅगेच्या आतल्या कप्प्यात एक चावी होती. कालव्याच्या रस्त्यावर, दुसऱ्या मजल्यावर, तिने एक खोली घेतली होती. तिथून प्रयोगशाळेपर्यंत सरळ सपाट रस्ता होता, चालायला फार आणि सायकलला अगदी बेताचा. सायकल त्या रस्त्यासाठी होती. सासऱ्यांना वाटत होतं, ती ह्या घरासाठी आहे. हे त्यांना सांगायचं होतं. सायकल घरी आली की सांगू, असं तिने ठरवलं होतं. त्याआधी तिने ठरवलं होतं की खोली मिळाली की सांगू.

काट्याची एक रेघ शंभर ग्रॅमची होती. चावी त्यावर दिसण्याइतकी जड नव्हती.

भांडण काहीच नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. सासू तिच्या लग्नाआधीच गेली होती. नवरा जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती, आणि तो गेल्यावर, तू आता काय करणार, असं तिला कोणी विचारलं नव्हतं, म्हणून ती राहिली होती. सासरे तिच्या कामाच्या वेळा सांभाळत, अधूनमधून स्वयंपाक करत, चुकांवर बोट ठेवत आणि लगेच चेष्टा करत. नणंद दुसऱ्या गावाहून फोन करायची आणि शेवटी न चुकता म्हणायची, “वहिनी, तू आहेस म्हणून मला निवांत झोप लागते गं.” ती ‘हं’ म्हणायची.

कारण विचारलं असतं तर तिला एवढंच सांगता आलं असतं, की तिला एक असं टेबल हवं होतं, ज्याच्या पलीकडची खुर्ची पूर्वी कोणाची होती हे तिला माहीत नसेल. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

*

टेकडीच्या पायथ्याशी सायकलचं दुकान होतं. दुकानदाराला सगळे स्पोक म्हणत आणि तो होताही तसाच, बारीक आणि ताठ. त्याने एका सायकलचं मागचं चाक हवेत टांगलं होतं आणि पॅडल हाताने फिरवत तो साखळीचा आवाज ऐकत होता.

“बसा मॅडम. कुठून कुठे जायचंय?”

“घरून कामाला.”

“अहो, ते तर सगळेच जातात. अंतर किती?”

तिने अंतर सांगितलं.

“सामान?”

“सात किलो. डबा भरलेला धरून.”

स्पोकने पॅडल थांबवलं. “वजन करून आणलंय?”

“हो.”

“लग्न ठरवताना लोक इतकं बघत नाहीत,” तो म्हणाला. “बरं, चढ? खरं सांगा हं. लोक डॉक्टरला खाणं खोटं सांगतात आणि मला चढ.”

“जास्त सांगतात की कमी?”

“कमीच की! सगळ्यांना वाटतं, आपले पाय अजून पंचविशीतच आहेत.”

ह्या प्रश्नाची तयारी तिने टेकडी उतरतानाच केली होती. टेकडीचा चढ सांगायचा. त्याप्रमाणे गिअर बसले तर ते कालव्याच्या रस्त्याला जरा हलके पडले असते, एवढंच. कोणाचं काही बिघडलं नसतं आणि सासऱ्यांना संशय आला नसता. तो आकडासुद्धा तिच्या मनात तयार होता. पण रोज उपकरण जे दाखवेल ते लिहायचं, आपल्याला काय दिसायला हवं होतं ते नाही, ह्यातच तिची नोकरीची वर्षं गेली होती. प्रश्न मोजमापाचा आला आणि तोंडून मोजमापच निघालं.

“चढ नाही,” ती म्हणाली. “कालव्याच्या कडेचा रस्ता आहे. सपाट.”

“घर तिकडेच?”

“हो.”

घरमालक आणि कामावरचे लोक सोडले तर नव्या खोलीबद्दल तिने उच्चारलेला हा पहिला शब्द होता. तो हातात तेलकट फडकं धरलेल्या एका अनोळखी माणसाला मिळाला.

“मग काय, झकास!” स्पोक उठला. “पुढे एकच चकती, चव्वेचाळीस दातांची. मागे सात चकत्या, अगदी जवळजवळच्या. सगळ्यात मोठीला चोवीस दात. सपाटीवर लोण्यासारखी पळेल बघा.”

तिने पुढच्या दातांना मागच्या दातांनी मनात भागलं, चाकाच्या घेराने गुणलं, पाय किती फिरतील ते पाहिलं. हिशेब बरोबर होता. तिने हो म्हटलं. मग कॅरिअर, दोन पिशव्या, डायनॅमोचा दिवा, लांब चिखलपत्रे, अर्धं झाकण, हे सासऱ्यांनी सांगितलं होतं तसंच घेतलं. घंटी तिने स्वतःच्या पसंतीची घेतली.

“एक सांगून ठेवतो,” स्पोकने सीटची उंची बसवता बसवता म्हटलं. “हिला घेऊन ह्या टेकडीच्या वाटेला जाऊ नका. चढायची नाही.”

“नाही जाणार,” ती म्हणाली, आणि दुकानातून बाहेर पडून सायकल टेकडीच्या वाटेला लावली.

*

पहिल्या वळणाच्या अलीकडेच पॅडल थिजलं. ती उभी राहून रेटायला लागली तशी सायकल डुलली. ती उतरली आणि हँडल धरून चालू लागली. ढकलायला सायकल चांगली होती. सरळ रेषेत जात होती, कुठे कुरकुर नव्हती.

सासरे फाटकाशी उभे होते.

“सायकलवर आलीस की सायकल आली तुझ्यावर?”

“पहिला दिवस आहे, बाबा.”

“आण इकडे. बघू तर दे सूनमुख.”

त्यांनी अंगणात जुना पेपर पसरला आणि दोघांनी मिळून सायकल सीटवर आणि हँडलवर उलटी उभी केली. त्यांनी चष्मा बदलला. चिखलपत्र्याला शाबासकी मिळाली. दिव्याच्या तारेला गाठ नीट मारली नाही म्हणून स्पोकचा उद्धार झाला. घंटी वाजवून ते म्हणाले, “ही काय घंटी? ह्याला मांजरसुद्धा बाजूला होणार नाही.” मग त्यांनी खिशातून खडूचा तुकडा काढला, मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीच्या एका दातावर खूण केली आणि अंगठ्याचं नख एकेका दातावर टेकवत चाक हळूहळू फिरवलं. त्यांचे ओठ हलत होते. खूण फिरून वर आली. त्यांनी पुन्हा मोजलं. मग पुढची चकती मोजली.

“चव्वेचाळीस,” ते म्हणाले. “आणि मागे चोवीस.”

“हो.”

“चोवीस दातांवर हा चढ चढणारा माणूस अजून जन्माला यायचाय. स्पोकनं चुकीची बसवली.”

इथे सुटायला एक जागा होती. हो, त्याची चूक, उद्या बदलून आणते, एवढं म्हणायचं होतं. ग्रीस लागलंय का ते बघितल्यासारखं ती ओढणीचं टोक बघत राहिली.

“नाही,” ती म्हणाली. “हिशेब मीच केला होता.”

ह्या घरात तिच्या हिशेबाला वजन होतं. भिंतीला रंग किती लागेल, गळक्या नळाने बादली कधी भरेल, हे तिने सांगायचं आणि कोणी पडताळून पाहायचं नाही, असा इथला रिवाज होता. सासऱ्यांनी तो स्वतः पाडला होता.

त्यांनी अंगठ्याला लागलेला खडू पेपराच्या कडेला पुसला. चाक अजून हळू फिरत होतं. ते थांबेपर्यंत ते बघत राहिले.

“चहा टाकतो,” ते म्हणाले आणि आत गेले.

सायकल तिने एकटीनेच सुलटी केली. चहात साखर नव्हती. तिने तसाच प्यायला. त्यांनीही तसाच प्यायला.

*

त्यानंतर जेवणाच्या टेबलावर सायकल आली नाही. तिच्या जागी हवामान आलं. मग शेजारच्यांच्या गच्चीवरची टाकी आली. सासरे नेहमीइतकंच बोलत होते, पण बोलून झालं की उठत होते. ती रोज टेकडी सायकलवरून उतरायची आणि संध्याकाळी ढकलत वर आणायची. “सवय होईल,” असं ती एकदा म्हणाली. “होईल ना,” ते म्हणाले, “माणसाला कशाचीही होते.”

एका संध्याकाळी ते कांदा चिरत होते. कांदा ते आराखडा काढावा तसा चिरत, सगळे तुकडे एका मापाचे. ती दारात उभी राहिली.

“बाबा, मी खोली घेतलीये. कालव्याच्या बाजूला.”

सुरी थांबली नाही. “कधी जाणार?”

“ह्या रविवारी म्हणत होते.”

“हं.”

“तुम्हाला आधीच कळलं होतं.”

“चोवीस दातांपासून.” त्यांनी चिरलेला कांदा सुरीच्या पात्याने ताटलीत लोटला आणि दुसरा घेतला. “तुला स्पोकला खोटा चढ सांगता आला असता. सांगितला असतास तर मला दिवाभीतासारखं अंधारात ठेवता आलं असतं, पुढचे कित्येक महिने. का नाही सांगितलास?”

“हिशेबात खोटं कसं घालायचं?”

“ते बरोबर आहे,” ते म्हणाले. “आकड्यांना फसवायचं नाही. माणसांचं काय, गप्प बसलं की भागतं.”

सुरीचा आवाज एका लयीत येत राहिला. ते रडत होते की कांदा झोंबत होता, हे बघायला तिने मान वर केली नाही.

“का म्हणून विचारणार नाही मी,” थोड्या वेळाने ते म्हणाले.

“विचारा ना.”

“उत्तर देता येईल तुला?”

तिने विचार केला. “नाही.”

“मग कशाला दोघांनी तोंडाची वाफ दवडायची? तुझ्या नणंदेला मी सांगतो. ती आधी रडेल, मग चिडेल, मग विचारेल की फ्रीज कोणाकडे राहणार.”

तिला हसू आलं आणि तिने ते येऊ दिलं. ते हसले नाहीत.

“आणि एक. माझी सोय लावून जायचं नाही. डबा देणारी बाई शोध, शेजाऱ्यांना सांगून ठेव, असले उद्योग नकोत. मी म्हातारा आहे, पार्सल नाही.”

डबा देणाऱ्या बाईंचा नंबर तिने कालच फोनमध्ये घालून ठेवला होता. तिने हातातला फोन ओट्यावर पालथा ठेवला आणि दुसरी सुरी घेतली.

“राहू दे,” ते म्हणाले. “तुझे तुकडे लहानमोठे होतात.”

*

शुक्रवारी ती कामावरून आली तर सासरे घरात नव्हते. तिला उशीर होणार म्हणून त्या दिवशी तिने सहकाऱ्याच्या गाडीतून यायचं ठरवलं होतं आणि सायकल घरीच ठेवली होती. आता सायकलही जागेवर नव्हती. चांगला अंधार पडल्यावर स्पोकचा टेम्पो फाटकाशी थांबला. पुढच्या सीटवरून सासरे उतरले, आधी चांगला पाय टेकून, आणि मागून स्पोकने सायकल काढली.

“कुठे गेला होता तुम्ही? ह्या गुडघ्यानं?”

“ब्रेक कुरकुरत होता.”

“मला नाही ऐकू आला.”

“तुला घंटीपुढे काय ऐकू येणार? आणि गुडघ्याचं म्हणशील, तर सायकल धरून उतरलो. काठीपेक्षा बरी. काठीला कुठे ब्रेक असतो?”

स्पोक तिच्याकडे बघून मान हलवत होता. “माझं दुकान उलटंपालटं केलं ह्यांनी मॅडम. दिव्याची तार तीनदा बांधायला लावली. अहो, मी म्हटलं...”

“उशीर होतोय तुला,” सासरे म्हणाले.

स्पोकने त्यांच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “होतोय खरा,” तो म्हणाला आणि टेम्पोत बसला.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी कॅरिअरच्या पिशव्या स्वतः भरल्या. त्यांनी तिला हात लावू दिला नाही. पुस्तकं तळाला, त्यावर कपडे, मोकळ्या जागांत मोजे कोंबले. डावी पिशवी ताणकाट्यावर लावली, उजवी लावली, डावीतून एक शब्दकोश काढून उजवीत घातला आणि पुन्हा दोन्ही मोजल्या. मग पिशव्या कॅरिअरला अडकवून पट्टे आवळले. मागचं चाक दोन्हीकडून झाकलं गेलं. बाकीचं सामान टेम्पोने जायचं होतं, आणि ते फार नव्हतं. फ्रीज राहणार होता.

रविवारी सकाळी ती निघाली तेव्हा त्यांनी दोन्ही टायर अंगठ्याने दाबून पाहिले.

“हवा ठीक आहे,” ते म्हणाले. “पुढचा ब्रेक एकदम दाबू नकोस. वजन आहे मागे.”

“येते मी.”

“हं.”

ती सीटवर बसायच्या आतच ते वळून घरात गेले. दार त्यांनी ओढून घेतलं, पण लावलं नाही. उतारावर गिअर लागलेच नाहीत. तीनही वळणं ती ब्रेकवरच उतरली. ब्रेक कुरकुरला नाही. तसा तो आधीही कुरकुरत नव्हता.

*

पिशव्या तिने कॅरिअरला तशाच राहू दिल्या आणि आतलं सामान तेवढं वर नेलं. खोलीत टेबल खिडकीपाशी लावलं. त्याच्या समोर एक खुर्ची होती, घरमालकांची, नवी. तिच्यावर पूर्वी कोणी बसलेलं नव्हतं. तिने रविवारी दुपारी त्या टेबलावर जेवण केलं, रात्रीही केलं, आणि भांडी लगेच धुतली. ताटलीचा आवाज खोलीत जरा जास्त होत होता. पडदे लागले की कमी होईल, असं तिने नोंदवलं.

सोमवारी कालव्याचा रस्ता तिच्या हिशेबाप्रमाणे निघाला. ती मधल्या गिअरवर निघाली, लय आल्यावर एकेक करून दोन पुढे गेली, आणि सायकल खरोखरच लोण्यासारखी पळाली. दम लागला नाही. घाम आला नाही. रात्री शिंतोडे पडून गेले होते आणि एका ठिकाणी चिखल होता, पण लांब चिखलपत्र्यांनी तो वर येऊ दिला नाही. ती ठरलेल्या वेळेच्या जरा आधीच पोचली.

प्रयोगशाळेच्या मागच्या बाजूला सायकल लावून तिने आधी बुटांची पिशवी सोडवली, मग डब्याची. उजवी पिशवी निघाली आणि मागचं चाक उघडं पडलं.

ती वाकली. सात चकत्यांपैकी सहा होत्या तशाच, लहानाकडून मोठीकडे, एकमेकींना खेटून. सातवी तशी नव्हती. ती बशीएवढी होती, कोरी, आणि सहावीपासून एकदम उडी मारल्यासारखी वर गेली होती. तिच्यावर तेलाचा डागसुद्धा नव्हता. एका दातावर खडूची खूण होती. साखळी ह्या चकतीवर एकदाही चढली नव्हती, म्हणून खूण पुसली गेली नव्हती.

तिने बॅग खाली ठेवली, खुणेपासून अंगठ्याचं नख टेकवत चाक फिरवलं आणि दात मोजले. खूण परत वर आली. तिने पुन्हा मोजले.

चौतीस.

पुढे चव्वेचाळीस, मागे चौतीस. टेकडीचा चढ तिला माहीत होता. तोच तर आकडा तिने स्पोकला सांगितला नव्हता. तिचं वजन, सायकलचं वजन, सात किलो सामान. हे सगळं तिने तिथेच उभ्या उभ्या मांडलं. रेटावं लागेल, शेवटच्या वळणावर जास्त, पण उतरावं लागणार नाही. डबा रिकामा असेल तर जरा सोपं जाईल. पण ज्याने हा हिशेब केला होता त्याने डबा भरलेलाच धरला असणार.

आणि बाकीच्या सहांना त्याने हात लावला नव्हता. कालव्याच्या रस्त्यावर तिचं काहीच बदललेलं नव्हतं. ही सातवी चकती तिने आयुष्यभर वापरली नसती तरी तिचं काही अडलं नसतं.

“काय झालं, साखळी उतरली का?” सहकाऱ्याने खिडकीतून विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. “बघत होते.”

दिवसभर तिने नमुने तपासले. पाण्याच्या बाटल्या एकेक करून यंत्राखाली गेल्या आणि यंत्राने दाखवलं ते तिने लिहिलं. दुपारी नणंदेचा फोन येऊन गेल्याचं तिला दिसलं. तिने उलट फोन केला नाही. नंतर करू, असं मात्र म्हटलं नाही.

संध्याकाळी तिने पिशव्या लावल्या. खडूची खूण पिशवीआड गेली. फाटकाबाहेर रस्ता फुटत होता. डावीकडे कालव्याची कडा सरळ दिसत होती, खोलीपर्यंत, मधे काही अडथळा नव्हता. समोर पूल होता आणि पुलापलीकडे रस्ता टेकडीच्या पोटात शिरून पहिलं वळण घेत होता. वर माथ्यालगत दिवे लागायला सुरुवात झाली होती. कोणता दिवा कोणाचा, ते इथून सांगता येत नव्हतं.

तिने घंटी वाजवून पाहिली. आवाज खरंच बारीक होता.

मग ती निघाली, आणि पुलाच्या बऱ्याच अलीकडे, रस्ता अजून सपाट असतानाच, तिने गिअर बदलला.